नाव सांगायची गरज नाही

इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात खुणेच्या चिठ्ठीची भानगड नव्हती. बाकीचे इस्त्रीवाले कॉलरच्या आत शाईने खूण करतात, नाहीतर दोऱ्याने आकडा बांधतात. मावशींना ते कमीपणाचं वाटायचं. नवं गिऱ्हाईक आलं आणि "नाव लिहून घ्या" म्हणालं, की हातातली इस्त्री न थांबवता त्या म्हणायच्या, "नाव सांगायची गरज नाही. कपडे टेबलावर ठेवा, उद्या संध्याकाळी या." गिऱ्हाईक मनात धाकधूक घेऊन जायचं आणि दुसऱ्या दिवशी आपलेच कपडे घेऊन घरी परतायचं.

यात जादू काही नव्हती. वकिलांच्या शर्टाची डावी बाही कोपराशी विरलेली असायची, कारण समोरचा बोलत असताना हनुवटी हातावर टेकून ऐकायची त्यांना सवय. दवाखान्यातल्या सिस्टरच्या कोटाचा खिसा पेनांनी लोंबलेला. मास्तरांची पँट झटकली की खडूची भुकटी पडणारच. "माणूस खोटं बोलेल, पण त्याचा शर्ट नाही बोलायचा," असं मावशी म्हणायच्या. नवरा-बायकोचे कपडे दोन वेगळ्या पिशव्यांतून यायला लागले की त्या घरात काय शिजतंय हे त्यांना शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. पण कपड्यांतून आलेली गोष्ट तोंडातून बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की दुकान बंद होईपर्यंत चालायचा, ते वेगळं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध पडदा. पडद्याच्या पुढे इस्त्रीचं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर करपल्याच्या डागांनी भरलेली चादर आणि भिंतीला लाकडी खण. पडद्याच्या मागे ओटा, खाट, एक कपाट आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार. नवरा गेला तेव्हा मुलगा एवढासा होता. त्याला याच टेबलाखाली गाठोड्यावर झोपवायचं आणि वर इस्त्री फिरवायची, असे मावशींनी दिवस काढले. पोर त्या उबेत वाढलं, शिकलं, दूरच्या शहरात नोकरीला लागलं, संसाराला लागलं. दर खेपेला म्हणायचं, "आई, आता पुरे झालं, चल माझ्याकडे." मावशी म्हणायच्या, "येईन की. हात थकले की येईन." हात काही थकले नाहीत. थकलं भलतंच.

एका सकाळी मावशी उठल्या, तोंड धुतलं, पडदा सारला आणि जागीच थांबल्या. टेबलावर काहीतरी पडलेलं होतं. पांढरं, निळं, त्यावर रेघा, रेघांना वळणं, कडेला सावली. सगळं स्वच्छ दिसत होतं. पण ते काय आहे ते काही केल्या कळेना. एखादा शब्द आठवू नये तसं हे नव्हतं, ती वस्तूच आठवत नव्हती. त्यांनी घाबरत हात पुढे केला. बोटं टेकली मात्र, सगळं जागेवर आलं: अरे, हा मास्तरांचा शर्ट, ही त्याची बाही. हात उचलला की पुन्हा नुसतं निळं आणि पांढरं. तो सबंध दिवस मावशी टेबलाला हात लावून बसून राहिल्या. संध्याकाळी कपडे न्यायला आलेल्या सिस्टरनं त्यांना तसंच धरून दवाखान्यात नेलं.

रक्ताची एक बारीक गुठळी मेंदूच्या मागच्या भागात अडकली होती. चालणं-बोलणं शाबूत होतं. डॉक्टरांनी एक वस्तू समोर धरली आणि विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

मावशींनी नीट निरखून पाहिलं. "वर दोन भोकं आहेत. खाली दोन पाय. मध्ये आवळलेलं... कमरेवर हात ठेवून कुणी बाई उभी आहे का हो?"

डॉक्टरांनी ती वस्तू त्यांच्या हातात दिली.

"अगंबाई, कात्री!" मावशी म्हणाल्या. मग बोट फिरवून, "आणि बोथट झालीय. धार लावून घ्या."

डॉक्टर हसले, पण लगेच खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांना हसण्याची लाज वाटली असावी. म्हणाले, "मावशी, आपल्याला वाटतं डोळे ओळखतात. डोळे नुसत्या रेघा आणि रंग आत पाठवतात. त्या रेघा एकत्र आणायच्या, आधी पाहिलेल्या वस्तूंशी ताडून बघायच्या आणि म्हणायचं, ही कात्री, हे सगळं मेंदू करतो. इतकं झटपट करतो की आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमची ती ताडून बघणारी जागा दुखावलीय. स्पर्शाचा रस्ता वेगळा, तो चालू आहे."

"म्हणजे दारावर थाप पडतेय, पण आत उघडायला कुणी नाही."

"अगदी तसंच."

"परत येईल का उघडणारा?"

"थोडंफार सुधारेल. आत्ताच सांगता येत नाही."

डॉक्टर लोक सांगता येत नाही म्हणतात तेव्हा काय समजायचं, हे मावशींना समजत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून धावतपळत आली. दवाखान्याच्या खाटेशी कुणीतरी येऊन वाकलं. मावशींनी वर पाहिलं. दोन डोळे, त्यांच्या मध्ये नाक, नाकाखाली तोंड. सगळं जागच्या जागी, पण त्या सगळ्यांचा मिळून माणूस होत नव्हता. मग त्या तोंडातून "आई" असा आवाज आला. हा आपला मुलगा. आपल्याच पोटच्या पोराचं तोंड आपल्याला ओळखू येत नाही.

"आलास का रे?" त्या म्हणाल्या, आणि त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

डॉक्टरांना त्यांनी कात्री सांगितली, कप सांगितला, किल्ली सांगितली. चेहऱ्यांचं मात्र सांगितलं नाही. आई आपलं तोंड ओळखत नाही हे कळल्यावर कुठल्या पोराच्या घशाखाली घास उतरेल? आणि दुसरं कारण त्याहून साधं. हे कळलं की तो त्यांना इथे एक दिवस ठेवणार नाही. पहिल्या कारणानं जीव तुटत होता आणि दुसऱ्यानं घाबरत होता, आणि दोन्हींवर उपाय एकच, मूग गिळून गप्प बसणं. आयुष्यात मावशींना एवढं अवघड दुसरं काही गेलं नसेल.

घरी आल्यावर मुलानं स्पष्टच सांगितलं, "आई, माझी रजा आहे तोवर बघू. तेवढ्यात तू एकटीनं निभावलंस, तर राहा इथे. नाहीतर टेबल कुणालातरी देऊन टाकायचं आणि माझ्याकडे यायचं. भांडायचं नाही."

"टेबलाला हात लावून बघ," मावशी म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

त्यांनी मुलाची ओळख शर्टावर बेतली. रंग दिसत होते, चौकडी दिसत होती. घाईत निघाल्यामुळे मुलानं तीनच शर्ट आणले होते: एक चौकड्यांचा, एक राखाडी, एक विटकरी. चौकड्यांच्या शर्टाच्या उजव्या मनगटाचं बटण वेगळं होतं, तपकिरी. ते मावशींनीच मागे कधीतरी लावलं होतं. आता त्यांनी हट्ट धरला की सकाळी तुझा शर्ट मीच इस्त्री करून हातात देणार. मुलाला वाटायचं, आई लाड करतेय. त्याला बरं वाटायचं. सूनही म्हणायची, "आई, यांना सवय लावू नका हं, मागून मला त्रास होईल." मावशी हसायच्या आणि मनाशी घोकायच्या, आज विटकरी, आज विटकरी. दिवसभर विटकरी दिसलं की पोरगा.

मुलानं मावशींच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. फोनचा कॅमेरा वस्तूवर धरायचा, की आतली एक बाई नाव सांगायची. बाई मोठी सावध होती. प्रत्येक नावाच्या आधी 'बहुधा' लावायची. बहुधा कप. बहुधा खुर्ची. मावशींनी तिचं नाव शहाणी ठेवलं.

"हिला कसं कळतं रे?"

"हिला लाखो फोटो दाखवलेत, आई. हा कप, हाही कप, हा कान तुटलेला तोही कप. दाखवून दाखवून कळायला लागलं."

"लेकरांना असंच शिकवतात की."

"लेकराला दोन-चार दाखवले की पुरतात. हिला लाखभर लागतात."

"मंद आहे बिचारी," मावशी म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांना शहाणीबद्दल माया वाटायला लागली.

एकदा त्यांनी तिची परीक्षा घेतली. टेबलावरच्या इस्त्रीवर फोन धरला. "बहुधा इस्त्री." मग मावशींनी ती गार इस्त्री उचलली, दाराशी चपलांच्या रांगेत नेऊन ठेवली आणि पुन्हा फोन धरला.

"बहुधा बूट," शहाणी म्हणाली.

मुलगा ओशाळला. जणू त्यानंच चूक केली होती. "टोकदार आहे ना, आणि चपलांशेजारी ठेवलीस. ती आजूबाजूचंही बघते, आई, आणि त्यावरून ठरवते."

आजारपणानंतर मावशी पहिल्यांदा खळखळून हसल्या. "मग चुकलं काय तिचं? चपलांत बसलं की चप्पल. आपण तरी दुसरं काय करतो रे? कुणाच्या शेजारी कोण बसलंय ते बघूनच माणसाला नाव ठेवतो."

हसून झाल्यावर मात्र त्या विचारात पडल्या. शहाणी त्यांच्यासारखीच होती. तिलाही वस्तू धड कळत नव्हती, पण जागेच्या सुतावरून ती स्वर्ग गाठत होती. मग आपण का गाठू नये? फक्त एक करायचं, वस्तूची जागा हलू द्यायची नाही.

त्या दिवसापासून मावशींनी घर बांधून टाकलं. चहाचा डबा बुटका, ओट्याच्या भिंतीशी. साखरेचा उंच, त्याच्या उजवीकडे. मीठ मातीच्या भांड्यात, सगळ्यांपासून लांब, कारण मिठाची चूक सगळ्यांत वाईट. औषधं खिडकीत. वरून दुसरा खण वकिलांचा, त्याखालचा सिस्टरचा, मास्तरांचा अगदी खाली, कारण मास्तर बुटके. वकिलांच्या वरचा खण रिकामा राहिला, तो तसाच राहू दिला. टेबल, पडदा, करपलेली चादर, सगळं होतं तिथेच. हळूहळू हात तरबेज झाले. डोळे फक्त रंग सांगायचे, जागा उरलेलं सांगायची, आणि बोटं शेवटचा निकाल द्यायची. गिऱ्हाइकांना कळलंसुद्धा नाही. मावशी आवाजावरून ओळखत, आवाज आला नाही तर चालीवरून. काहीच कळलं नाही तर "कपडे टेबलावर ठेवा" हे होतंच. दारात माणूस, हातात गाठोडं, म्हणजे गिऱ्हाईक. याला डोळे कशाला हवेत?

फक्त एका दुपारी त्यांचा धीर सुटला. मुलगा खाटेवर झोपला होता. उकडत होतं म्हणून शर्ट काढून ठेवला होता. मावशी पडद्याआडून आल्या आणि खाटेवर पाहत राहिल्या. शर्ट नाही, आवाज नाही, चाल नाही. तोंड होतं, पण कुणाचंही असावं असं. त्यांनी हळूच फोन काढला आणि त्याच्यावर धरला.

"बहुधा एक पुरुष. झोपलेला," शहाणी बारीक आवाजात म्हणाली.

"कोण पुरुष?" मावशींनी कुजबुजत विचारलं.

"बहुधा एक पुरुष," शहाणी पुन्हा म्हणाली.

"तेवढं मलाही दिसतंय गं," मावशी म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला. लहानपणी टेबलाच्या पायाला ठेचकाळून नख वाकडं झालं होतं, ते अजून तसंच होतं. मावशी बराच वेळ तो अंगठा धरून बसल्या.

रजा संपत आली. मुलगा मावशींना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, फार छान चाललंय, घर ओळखीचं आहे तोवर काळजी नाही. परतताना कोपऱ्यावर मुलगा थांबला. "आई, तू हो पुढे, मी औषधं घेऊन येतो." औषधं आणायची होती हे खरं, पण आई एकटी जाते का तेही बघायचं होतं. मावशींना दोन्ही कळलं. त्या ताठ मानेनं निघाल्या. बेकरीचा वास आला तिथे वळल्या, शिंप्याच्या मशिनीचा आवाज मागे टाकला, आपली उंच पायरी चढल्या आणि आत गेल्या.

आणि तशाच बाहेर आल्या.

आत भलत्याच कुणाचं घर होतं. पडदा नव्हता. उजेड खोलीभर पसरलेला. पांढरंशुभ्र काहीतरी खिडकीखाली. भिंतीशी एकसारख्या चकचकीत उभ्या वस्तूंची रांग. वास साबणाचा. मावशी शरमल्या. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरलो! त्या शेजारच्या शिंप्याच्या दारात गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, माझं दुकान कुठलं?"

शिंप्यानं मशीन थांबवली. त्याच्या उत्तराआधी मागून मुलगा आला होता. त्यानं ते ऐकलं होतं.

त्यानं आईचा हात धरला, तिला त्याच पायरीवरून आत नेलं आणि खाटेवर बसवलं. मावशींनी हातानं खाट चाचपली. खाट आपलीच होती. मग बाकीचं कुठे गेलं? त्यांना वाटलं, आजार वाढला. आधी वस्तू गेल्या, मग माणसं गेली, आज घर गेलं. आता उद्या काय जाईल? त्या इतक्या घाबरल्या की मुलगा जे म्हणाला ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"आई, मी तिघांची तिकिटं काढतो. टेबल शिंप्याला देऊ, त्याच्या कामाला येईल."

टेबलाचं नाव निघालं तरी मावशी काही बोलल्या नाहीत. हे पाहून मुलाचाच जीव गलबलला. आईला चहा करून द्यावा म्हणून तो ओट्याशी गेला. तिथे तो बराच वेळ खुडबुडत राहिला. एक झाकण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. मग चहा आला. मावशींनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"मीठ घातलंयस."

"छे." मुलानं स्वतः घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं पण ते सगळे डबे सारखेच..."

तो बोलता बोलता थांबला. तेवढ्यात मागच्या दारातून सून आली, बाह्या वर खोचलेल्या, चेहरा कौतुकाच्या अपेक्षेनं फुललेला. "आलात? कसं वाटतंय घर? अहो, डबे किती वेडेवाकडे होते, मी सगळे एकसारखे आणून भरले. टेबल खिडकीखाली घेतलं, उजेडात आईंना बरं पडेल. चादर बदलली, जुनी धुऊन टाकली. पडदा धुऊन मागे वाळत घातलाय."

सून मनानं सोन्यासारखी होती, फक्त तिच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. मुलगा तिच्याकडे बघत राहिला, मग आईकडे, मग हातातल्या खारट चहाकडे. त्यानं आईचा फोन उचलून खोलीवर धरला. कालपर्यंत या खोलीला शहाणी 'बहुधा कपड्यांचं दुकान' म्हणत असे.

"बहुधा झोपायची खोली," शहाणी म्हणाली.

"माझे डोळे धड आहेत," मुलगा सावकाश म्हणाला, "तरी मला साखर सापडली नाही."

सुनेच्या तेव्हा सगळं लक्षात आलं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "आई, मला वाटलं तुम्हाला नीटनेटकं..."

मावशी उठल्या. त्यांच्या अंगात पुन्हा जीव आला होता. आजार वाढला नव्हता! नुसते डबे बदलले होते! त्यांना इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं. त्यांनी चाचपडत सुनेचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "अगं, नीटनेटकंच झालंय. इतकं की मीच त्यात मावेना. ऊठ. पडदा आण आधी."

मग तिघं मिळून घर पुन्हा पहिल्यासारखं लावायला बसली, आणि एक मजा झाली. काय कुठे होतं ते मुलालाही आठवेना आणि सुनेलाही आठवेना. एवढे दिवस दोघं त्याच खोलीत वावरली होती. शेवटी मावशी खोलीच्या मध्ये डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून सांगत गेल्या: टेबल इथे, अजून जरा इकडे, हं, आता माझी कंबर लागते. चहा इथे. साखर इथे. मीठ तिकडे लांब. मास्तर खाली. करपलेली चादर ओलीच अंथरली आणि इस्त्री फिरवून वाळवली. सगळं झाल्यावर मुलानं सावकाश विचारलं, "तिकिटं दोनच काढू ना?"

"विचारतोस काय?" मावशी म्हणाल्या. धार परत आली होती.

निघायचा दिवस उजाडला. सिस्टर रोज एकदा डोकावणार होती, शिंपी हाकेच्या अंतरावर होता, डॉक्टरांचा फोन शहाणीत भरलेला होता. मावशींनी सकाळीच चौकड्यांचा शर्ट कडक इस्त्री करून खाटेवर ठेवला आणि त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. कामात असलं की रडू येत नाही, हा त्यांचा जुना अनुभव.

मुलाला मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या थेट कामावर हजर व्हायचं होतं. त्यानं बॅगेतून इथेच विकत घेतलेला एक कोरा पांढरा शर्ट काढला आणि घातला. चौकड्यांचा बॅगेत वरच ठेवला. सून सामान घेऊन पुढे रस्त्यावर गेली होती. तो गल्लीतून फिरून पुढच्या दारात आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. आई पाठमोरी इस्त्री फिरवत होती. टेबलाखाली एक गाठोडं पडलं होतं, तो झोपायचा तसलंच. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

मावशींना चाहूल लागली. त्यांनी वळून पाहिलं. दारात उजेड, उजेडात कुणीतरी उभं, वर पांढरं, खाली काळं, हाताला काहीतरी फुगीर लटकलेलं.

"कपडे टेबलावर ठेवा," मावशी म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी या. नाव सांगायची गरज नाही, मी ओळखते."

आणि पुन्हा इस्त्रीकडे वळल्या.

मुलगा हलला नाही. आधी त्याला वाटलं, आई चेष्टा करतेय. मग तिचे हात दिसले, शांतपणे दुसऱ्याच कुणाचा शर्ट घडी करणारे. मग रोज सकाळी हातात दिलेले शर्ट त्याला आठवले. दवाखान्यात तो बोलेपर्यंत तिनं त्याच्याकडे कसं पाहिलं होतं, तेही आठवलं. एवढे दिवस आईनं एकटीनं काय सांभाळलं होतं, हे त्याला कळलं. आता सांगितलं, तर तिला न्यावं लागेल. आणि नेलं, तर जे एकुलतं एक घर तिच्या हातांना ओळखू येतं, तेही जाईल. तो आवाज न करता पायरी उतरला आणि गल्लीतून मागच्या दाराकडे गेला.

थोड्या वेळानं पडदा सरला आणि चौकड्यांचा शर्ट टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"आई, निघतो."

"अजून इथेच का तू? मला वाटलं गेलास न सांगताच." मावशींनी त्याचं मनगट धरलं, तपकिरी बटणावरून बोट फिरवलं. "सांभाळून जा. पोचलास की फोन कर. आणि सुनेला म्हणावं, तिच्या घरी हवं तेवढं आवर."

तो हसला, वाकला, तिच्या पाया पडला आणि गेला. मावशी दारात उभ्या राहिल्या. चौकड्या लहान होत गेल्या आणि कोपऱ्यावर दिसेनाशा झाल्या.

त्या परत टेबलाशी आल्या तेव्हा टेबलाच्या कडेवर एक पांढरं काहीतरी होतं. मघाचं गिऱ्हाईक एकच कपडा ठेवून गेलं वाटतं, असं म्हणत त्यांनी हात टेकला. शर्ट. कोरा, खोक्यातल्या घड्या अजून न मोडलेल्या. पण कोऱ्या शर्टाला ऊब कुठून आली? मावशींनी तो उचलून नाकाशी नेला. कॉलरला घाम होता, आणि त्या घामाचा वास त्यांना टेबलाखालच्या गाठोड्याइतका जुना ओळखीचा होता.

त्या स्टुलावर बसल्या. मी ओळखते, असं आपण म्हणालो होतो. कुणाला, ते आत्ता कळलं. आणि कळूनही तो काही बोलला नव्हता. शर्ट बदलून आला होता, आपल्याला ओळखता यावं म्हणून. मावशींनी पांढरा शर्ट मांडीवर घेतला आणि पोटभर रडून घेतलं. बघायला कुणी नव्हतं. शहाणी होती, पण तिच्यावर झाकण होतं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि इस्त्री गरम करायला लावली. खोक्याच्या घड्या एकेक करून मोडल्या, कॉलर बसवली, बाह्या जुळवल्या. गिऱ्हाइकाला उद्याची वेळ दिली होती, पण काम आजच झालं. शर्ट घेऊन त्या खणांपाशी गेल्या आणि वकिलांच्या वरचा, इतके दिवस रिकामा ठेवलेला खण त्यांनी चाचपला. तिथे तो शर्ट ठेवला, आणि खालचं मास्तरांचं गाठोडं सोडायला घेतलं.